रिटा फारिया : ती परत आली म्हणतात, पण गेली कुठे होती?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

आईचं शिलाई मशीन विकायला काढलंय. डाव्या खणात बॉबिनी, गंजलेल्या सुया, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, आणि एका पाकिटात घडी घातलेलं मासिकाचं कात्रण. साडीतली उंच मुलगी, डोक्यावर मुकुट. कात्रणाच्या मागे स्वेटरच्या विणीचा नमुना होता, तो मधोमध कापला गेलाय. आई स्वेटरच्या विणी जिवापाड जपायची, शेजारणीलाही उतरवून द्यायची नाही. तिने वीण फाडून फोटो ठेवला याचंच मला जास्त नवल वाटलं.

फोटो रिटा फारियाचा. आपल्यापैकी बहुतेकांना ही बाई सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरती माहीत. 'पहिली भारतीय मिस वर्ल्ड कोण?' एक गुण, पुढचा प्रश्न. दोन दिवस मिळेल ते वाचत बसलो होतो, म्हणून धागा.

जन्म २३ ऑगस्ट १९४३, मुंबई. आईवडील मूळचे गोव्याचे, हिचं लहानपण माटुंग्यात. उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे शाळेच्या रांगेत कायम शेवटी. १९६६ साली ती ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. तेव्हा मुंबईतून निघणारं 'ईव्ह्ज वीकली' नावाचं इंग्रजी साप्ताहिक सौंदर्यस्पर्धा भरवायचं. त्यात आधी 'मिस बॉम्बे' आणि मग त्यांचीच 'मिस इंडिया'. 'फेमिना'ची मिस इंडिया वेगळी. त्या वर्षी ती यास्मिन दाजी, आणि गंमत म्हणजे तीही वैद्यकीची विद्यार्थिनी! फेमिनावाले मिस युनिव्हर्सला मुलगी पाठवत, ईव्ह्जवाले मिस वर्ल्डला. म्हणजे एकाच वर्षी देशाच्या दोन मिस इंडिया, आणि दोघींच्याही बॅगेत शरीरशास्त्राची पुस्तकं.

लंडनला जाताना हिच्याजवळ काय होतं हे तिने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. उसनी साडी, उसने दागिने, आदल्या वर्षीची मिस इंडिया पर्सिस खंबाटा हिच्याकडून आणलेला पोहण्याचा पोशाख, आणि तीन पौंड. पोशाख हिच्या उंचीला पुरेना. मग त्याच तीन पौंडांतून नवा पोशाख आणि उंच टाचांचे बूट घेतले. झाली तयारी. आज स्पर्धकांबरोबर केस, दात, चाल आणि बोलणं सुधारणारी फौज असते. इथे तीन पौंड!

१७ नोव्हेंबर १९६६, लंडनचं लायसियम. एरवी तो 'मेक्का' कंपनीचा नाचाचा हॉल. मिस वर्ल्ड १९५१ साली सुरू करणारे एरिक मॉर्ली याच कंपनीतले. ५१ मुली. पोहण्याच्या पोशाखाचं बक्षीस हिला, संध्याकाळच्या पोशाखाचंही हिलाच, तेही साडीत. मग मुकुट. आशियातली पहिली मिस वर्ल्ड. दुसरी आली युगोस्लाव्हियाची. डॉक्टर का व्हायचंय या प्रश्नावर हिने सांगितलं, आमच्याकडे स्त्रियांचे डॉक्टर कमी आहेत, बाळंतपणं करायला माणसं हवीत. समोरून टोला आला की भारतात मुलं आधीच फार आहेत. ही म्हणाली, तेच तर थोपवायचंय. काही वर्षांत एसटीच्या पाठीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसायला लागला, त्याच्या आधीची ही गोष्ट.

पुढचं वर्ष करारात गेलं. देशोदेशी हिंडणं, फिती कापणं. डिसेंबरात अमेरिकी विनोदवीर बॉब होपच्या ताफ्याबरोबर ती दक्षिण व्हिएतनामला अमेरिकी सैनिकांसमोर गेली. भारत सरकारला ते अजिबात रुचलं नाही. वर्ष संपल्यावर तिने सिनेमा नाही आणि मॉडेलिंग नाही म्हणून सांगितलं आणि अभ्यास पुरा केला. एमबीबीएस झाली, मग लंडनचं किंग्ज कॉलेज हॉस्पिटल. तिथलेच डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी १९७१ साली लग्न. १९७३ पासून डब्लिन. दोन मुली, नातवंडं, दवाखाना.

आता माझी तक्रार. हिच्यावर जे काही लिहिलं जातं त्यात एक वाक्य हमखास असतं, 'झगमगाटाला लाथ मारून ती अभ्यासाकडे परत आली.' अहो, परत कुठून? ती मेडिकलची पोरगी होती, स्पर्धेला गेली तेव्हाही आणि मुकुट घातल्यावरही. मधे एक वर्ष गॅप पडला. इंजिनिअरिंगला केटी लागून आमचे दोन वर्षं गेले, त्याला कोणी त्याग म्हटलं नाही. :)

---

अनवट

छान लिहिलंय. स्वेटरची वीण फारच आवडली.

---

सदू आगाऊ

पहिला मान आमचा असायचा, अनवट पुढे गेल्या.

अवांतर : दादासाहेब, 'रिटा' नाही, 'रीटा'. री दीर्घ. शीर्षकातच चूक म्हणजे जेवणाच्या पहिल्या घासाला खडा.

---

निवृत्त बाह्यरुग्ण

मी जेजेचा, म्हणजे त्याच ग्रँट मेडिकलचा. अर्थात बाईंच्या नंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे आठवण वगैरे काही सांगत नाही. पण एक वर्षाचा गॅप म्हणजे काय ते सांगतो, कारण वर 'नुसता गॅप' अशा थाटात आलंय.

मेडिकलला एक वर्ष बाहेर राहणं आणि इतर कुठे राहणं यात फरक आहे. तुमची बॅच पुढे जाते. काल तुमच्या शेजारी एकाच मृतदेहावर काम करणारा मुलगा आज वॉर्डात तुमच्या पुढच्या रांगेत उभा. फॉर्मलीनचा वास हाताला असतो तोवर सगळं लक्षात असतं. वास गेला की नसांची नावंही जातात, नव्याने घोकावी लागतात. मला कावीळ झाली तेव्हा मी फक्त चार महिने घरी होतो. परत गेलो त्या दिवशी राउंडला सरांनी विचारलं, "काय, आठवतंय का लिव्हर कुठे असतं?" अख्खा वॉर्ड हसला, पेशंटसकट.

इथे तर जगभर फोटो छापून आलेले. त्यानंतर ओपीडीत बाकावर बसलेल्या बाईचं पोट तपासायचं आणि तिने 'तुमीच का त्या?' म्हणायचं. असं घडलं असेलच असं नाही, पण मला ते चित्र दिसतं. म्हणून 'परत आली' हा शब्द मला तरी चालतो. परत येणं सोपं नसतं.

---

हिशेबनीस

तीन पौंडांबद्दल. हे तिचं एकटीचं नव्हतं. परकीय चलनाचा इतका दुष्काळ होता की इंग्लंडला जाणाऱ्या सगळ्यांच्या हातावर तीनच पौंड टेकवत. त्या पिढीतल्या कुठल्याही इंग्लंडवासी काकांना विचारा, तीन पौंडांची गोष्ट ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही.

शिवाय ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर, म्हणजे पौंड सुमारे १३ रुपये ३३ पैशांवरून २१ वर. तेच तीन पौंड मे महिन्यात ४० रुपयांचे होते, नोव्हेंबरात ६३ चे. बाईंचे बूट महाग पडले.

---

मांडवीकाठ

गोंयकार म्हणून लिहिणं भाग आहे. :)

तारीख बघा. १७ नोव्हेंबर १९६६. आमच्याकडचा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा, जेमतेम दोन महिन्यांनी. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचा की वेगळा राहायचा यावर घराघरांत भांडणं चालली होती, भावाभावांत अबोला. पोर्तुगीज जाऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. आणि तेवढ्यात मुंबईत वाढलेली गोव्याची मुलगी जगात पहिली! कौल ज्यांनी 'दोन पानां'ना दिला ते आणि 'फुला'ला दिला ते, दोघंही तिला आपली म्हणत, एवढं नक्की सांगू शकतो, कारण आमच्या घरात दोन्ही होते. आजोबा फुलवाले, आजी पानांवाली. आजोबांचं म्हणणं, मुंबईची म्हणजे आपलीच. आजीचं म्हणणं, फारिया म्हणजे आमचीच.

---

चुलबुल मिरची

@मांडवीकाठ, फारिया म्हणजे पणजीत तो पुतळा आहे, बाईवर हात रोखून उभा राहिलेला माणूस, त्यांच्यापैकी का?

---

मांडवीकाठ

तो आबे फारिया. १७५६ साली कांदोळीला जन्मला, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा. नातं लावायला जाऊ नका, गोव्यात एका आडनावाची माणसं शोधायची तर चर्चच्या वह्या पुरायच्या नाहीत. पण दोन फारियांनी युरोपला बघत बसायला लावलं एवढं खरं.

---

कलम एकवीस

व्हिएतनामचा भाग धाग्यात एका ओळीत उरकला आहे. तिथेच तर खरी गोम आहे.

भारत सरकार का चिडलं? केवळ अलिप्ततावाद म्हणून नव्हे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये जो आंतरराष्ट्रीय देखरेख आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत पोलंड आणि कॅनडा. म्हणजे आपण पंच. आणि पंचाच्या घरची मुलगी एका संघाच्या तंबूत मनोरंजनाला! त्यात इंदिराबाईंनी त्याच वर्षी उत्तर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवा असं जाहीर म्हटलेलं, त्यावरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आधीच बिथरलेले.

दुसरी बाजू अशी की त्या वर्षी आपण अमेरिकेचा गहू खात होतो. दुष्काळ पडलेला, आयात एक कोटी टनांच्या घरात, आणि जॉन्सन ती जहाजं हात आखडून सोडत होते. जहाज बंदराला लागायचं, तिथून थेट रेशनच्या दुकानात. तेव्हा दिल्लीला मोठ्याने ओरडताही येत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. अशा वेळी राग कोणावर काढणं सोपं? तेवीस वर्षांच्या मुलीवर.

आणि पासपोर्ट हा तेव्हा हक्क नव्हता, सरकारची मेहेरबानी होती. सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा कलम २१ खालच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निकाल दिला तो एप्रिल १९६७ मध्ये. पासपोर्टचा कायदा त्यानंतर, त्याच वर्षी. ही गेली ती त्याच्या चार महिने आधी. म्हणजे सरकारची नाराजी ओढवून विमानात बसायचं ते केवढ्या जोखमीवर, हे लक्षात घ्या.

---

सदू आगाऊ

रेशनचा तो लाल गहू! चपाती फाडायला दोन हात लागायचे. आमच्या चाळीत त्या गव्हाला 'जॉन्सन' म्हणत.

---

अनवट

@कलम एकवीस, पटलं, पण अर्धंच. जोखीम होती हे मान्य. पण करारात होतं म्हणून गेली, हे कितपत धरायचं? फिलिस डिलर, अनिता ब्रायंट, जोई हेदरटन असे अमेरिकेतले नावाजलेले लोक त्या ताफ्यात होते. त्यांचा देश लढत होता. हिचा नव्हता. मला ती गोष्ट खटकते आणि तिच्याबद्दल आदर असूनही खटकते. दोन्ही एकत्र असू शकतं ना?

अजून एक. याच बॉब होपने १९७० ची मिस वर्ल्ड लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सूत्रसंचालन करून दाखवली. बायकांचा अपमान करणारे विनोद सुरू झाले, आणि प्रेक्षकांत बसलेल्या स्त्रीमुक्तीवाल्या बायकांनी पिठाच्या पुड्या आणि सडका भाजीपाला फेकला. होपसाहेब स्टेजवरून पळाले. टीव्हीवर जगाने पाहिलं. म्हणजे रीटाच्या मुकुटानंतर चारच वर्षांनी ही स्पर्धा म्हणजे काय याचा जाब बायका तोंडावर विचारू लागल्या होत्या. आपल्याकडे तो जाब १९९६ साली बंगळुरात मिस वर्ल्ड भरली तेव्हा विचारला गेला, पण तिथे संस्कृतीरक्षक आणि स्त्रीवादी एकाच फुटपाथवर उभे राहिले आणि कोण कशासाठी ओरडतंय तेच कळेना.

---

चुलबुल मिरची

मला मात्र धाग्याचा सूर जरा टोचतोय, तिसरी घंटा. तुमचा नाही, एकूणच.

रीटाचं कौतुक करताना आपण मनातल्या मनात ऐश्वर्या, प्रियांका यांना टोमणे मारत असतो. 'बघा, हिने सिनेमा केला नाही.' अहो, सिनेमा केला तर काय बिघडलं? १९६६ नंतर दुसरा मुकुट यायला १९९४ उजाडलं, मधे २८ वर्षं. तोवर टीव्ही आला, परदेशी सौंदर्यप्रसाधनांची दुकानं उघडली, मुकुटाचा धंदा झाला. धंदा झाला तर मुलगी धंद्यात जाणारच. मानुषी छिल्लर २०१७ ला जिंकली तेव्हा तीही मेडिकलला होती. ती सिनेमात गेली तर लोक तिला रीटाचं नाव घेऊन उपदेश करतात! एकीचं आयुष्य दुसरीच्या डोक्यावर आपटायला वापरू नये.

आणि आपली मधू सप्रे विसरलात? नागपूरची, मैदानावरची मुलगी. १९९२, बँकॉक, मिस युनिव्हर्स. विचारलं, देशाची सूत्रं हातात आली तर आधी काय कराल? म्हणाली, खेळाचं मोठं स्टेडियम बांधेन. तिसरी आली. त्या उत्तराने मुकुट गेला असं आजही सगळे म्हणतात. रीटाचं बाळंतपणाचं उत्तर खरं होतं म्हणून चाललं, मधूचं स्टेडियमचं तितकंच खरं होतं, ते नाही चाललं. परीक्षकांना गरीब देशाकडून आजारपण ऐकायला आवडतं, खेळ नाही.

---

निवृत्त बाह्यरुग्ण

शेवटच्या वाक्याला +१००.

---

पावसातली छत्री

डब्लिनहून. अकरा वर्षं इथे आहे, बाईंशी ओळख नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या दारात जाऊन सेल्फी मागण्याचा स्वभावही नाही. पण १९७३ या आकड्याबद्दल बोलते, कारण इथे राहिल्याशिवाय तो कळत नाही.

तुम्हाला वाटेल, मुंबईहून लंडन, लंडनहून डब्लिन, म्हणजे पुढे पुढेच. तसं नव्हतं. १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत आयर्लंडमध्ये बाईचं लग्न झालं की तिला सरकारी नोकरी सोडावी लागे, कायद्यानेच. तो नियम उठला तेच साल. कुटुंबनियोजनाची साधनं विकायला १९३५ च्या कायद्याने बंदी होती, ती १९७९ चा कायदा येईपर्यंत टिकली, आणि नंतरही सुरुवातीला चिठ्ठीशिवाय मिळत नसत. आता वरचा तो लंडनचा प्रश्न आठवा, 'तुमच्याकडे मुलं फार आहेत ना?' ज्या देशात ती संसार आणि डॉक्टरकी करायला आली तिथे त्या वेळी आठ-दहा भावंडांची घरं सर्रास होती. माझ्या घरमालकीणबाई नऊ भावंडांतल्या सातव्या. त्या सांगतात, आईला डॉक्टरला काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं.

तेव्हा 'झगमगाट सोडून शांत आयुष्य' वगैरे जे लिहितात ना, त्यांनी सत्तरच्या दशकातल्या डब्लिनमध्ये गोऱ्या नसलेल्या डॉक्टरीणबाईंचा एक आठवडा मनात आणून पाहावा. शांत नसणार.

---

सदू आगाऊ

आणि पुढे तिथेच आपल्या मालवणजवळच्या वराडच्या माणसाचा मुलगा पंतप्रधान झाला, तोही डॉक्टर! आयर्लंडला आपल्याकडचे डॉक्टर मानवतात.

---

पावसातली छत्री

@सदू, वराडकरांचं नाव आल्याशिवाय इथल्या आयर्लंडवरच्या कुठल्याही धाग्याची पन्नाशी होत नाही, मी वाटच बघत होते. :)

---

हिशेबनीस

एक शंका. ती पुन्हा स्पर्धांकडे फिरकलीच नाही का?

---

तिसरी घंटा

@हिशेबनीस, फिरकली. १९७६ च्या मिस वर्ल्डला लंडनमध्ये परीक्षक होती, १९९८ ला फेमिना मिस इंडियालाही. म्हणजे 'लाथ मारली' हे तिथेही लटकं पडतं. राग नव्हता, संबंध तोडले नव्हते. तिला जेवढं हवं होतं तेवढं घेतलं.

@चुलबुल मिरची, तुमचा प्रतिसाद ताईला फोनवर वाचून दाखवला, आणि आता मला धाग्यात एक भर घालावी लागतेय. ती आधीच लिहायला हवी होती.

ताई १९८६ साली कॉलेजात होती. गॅदरिंगला 'मिस फ्रेशर' निवडणार होते, तिला नाव द्यायचं होतं. मैत्रिणीची कांजीवरमसुद्धा आणून ठेवली होती, पलंगाखाली, पेपरात गुंडाळून. आईला सापडली. आईने आरडाओरडा केला नाही. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या, पायट्याला पाय तसाच ठेवून म्हणाली, "ती रीटा फारिया बघ. मुकुट मिळाला तरी अभ्यासाला बसली." ताईने साडी परत केली. हे वाक्य आमच्या घरात मग बारावीला, एमपीएससीला, सगळीकडे वापरलं गेलं. मलाही, आणि मी तर मुलगा.

परवा ताई फोनवर म्हणाली, "आईने मला फक्त दुसरं अर्धं सांगितलं रे. ती अभ्यासाला बसली हे सांगितलं. ती आधी स्टेजवर गेली होती, हे नाही."

मी कात्रणाबद्दल सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, पाठीमागे कुठली वीण आहे? मी फोटो काढून पाठवला. तिचं उत्तर : ही जाळीची आहे, आईला कधीच जमली नाही.

---

अनवट

तिसरी घंटा, ताईंना इथे सदस्य व्हायला सांगा.

---

निवृत्त बाह्यरुग्ण

मशीन विकू नका हो.

---

तिसरी घंटा

गेलं काल, निवृत्तकाका. भायखळ्याच्या एका बाई ब्लाउज शिवतात, त्यांनी नेलं. खण रिकामा करून दिला.

@सदू आगाऊ, रीटा दीर्घ, मान्य. मुख्य लेख संपादित होत नाहीये, संपादक मंडळाला शीर्षक दुरुस्त करायची विनंती पाठवली आहे. तोवर खडा चावून घ्या.